केसांचा अहवाल आणि मुलाचा ताबा : अर्ज टाकण्याआधी, सही करण्याआधी

“नवरा गांजा ओढतो, पण कोर्टात साफ नाकारतो. त्याचे केस तपासून घेता येतील का?” हा एक प्रश्न. दुसरा त्याच्या उलट बाजूचा. “बायकोने माझे केस तपासायचा अर्ज टाकलाय. मी तसलं काही घेत नाही. पण नको म्हटलं तर कबूल केल्यासारखं होईल का?” निपाणी, चिक्कोडी, खानापूर किंवा बेळगाव शहर, कुठूनही विचारणा आली तरी प्रश्न या दोहोंपैकीच एक असतो. आणि दोन्हींच्या मागे समजूत एकच असते, की केस खोटे बोलत नाहीत.

ही समजूत कुठून आली तेही कळते. २०२० साली बंगळूरला कन्नड सिनेसृष्टीतले अमली पदार्थांचे प्रकरण गाजले. कलाकारांच्या केसांचे नमुने हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अहवालाच्या बातम्या झळकल्या. त्या बातम्या सर्वांच्या लक्षात राहिल्या. पुढे त्यातल्या काही जणांवरचे खटले कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, ते फारसे कुणाच्या लक्षात नाही.

तो पोलिसांचा खटला होता. तुमचा वाद मुलाच्या ताब्याचा, भेटीचा किंवा घटस्फोटाचा आहे. इथले नियम वेगळे, आणि चूक झाली तर होणारे नुकसानही वेगळे. इथे मूल आईपासून किंवा बापापासून तुटते. म्हणून आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: केवळ केसांच्या अहवालावर मुलाचा ताबा ठरवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या पुराव्यांना जोड म्हणून त्याचा उपयोग होतो, तोही नमुना रीतसर घेतला असेल तर. आपल्या भागातल्या बहुतेक प्रकरणांत त्याची गरजही पडत नाही.

केसावरून काय कळते, काय कळत नाही

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. घेतलेला पदार्थ रक्तातून केसाच्या मुळाशी पोचतो आणि केस वाढेल तसा बाहेर येतो. म्हणून टाळूलगतचे तीन सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने मागचे तीन महिने. यातला ‘ढोबळमानाने’ हा शब्द विसरू नका. कुणाचा केस महिन्याला पाऊण सेंटिमीटरही वाढत नाही, कुणाचा सव्वाच्या पुढे जातो. शिवाय डोक्यावरचे काही केस त्या काळात वाढायचे थांबलेले असतात. त्यामुळे “मार्चमध्ये घेतला, एप्रिलमध्ये सोडला” असे कुणी अहवालावरून छातीठोकपणे सांगू लागले तर सावध व्हा.

- गेल्या आठवड्यात घेतलेले काहीही या चाचणीत दिसत नाही. पदार्थ असलेला भाग टाळूच्या वर यायला एक-दोन आठवडे लागतात. अलीकडचे पाहायचे असेल तर लघवीची किंवा रक्ताची चाचणी.
- एखाद्याच वेळी घेतलेले बहुधा दिसत नाही. म्हणजे ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘कधीच घेतले नाही’ असा होत नाही.
- नेमका दिवस, वेळ आणि मात्रा कळत नाही.
- त्या माणसाने मुलाला सांभाळताना हयगय केली का, हे तर मुळीच कळत नाही. न्यायालयाला खरे जाणून घ्यायचे असते ते नेमके हेच.

केसांचा रंगही आड येतो. कोकेनसारखे काही पदार्थ काळ्याभोर केसांत जास्त धरून राहतात आणि पांढऱ्या केसांत कमी. म्हणून नवऱ्याचा आकडा मोठा आणि बायकोचा लहान, यावरून कोण जास्त घेतो ते ठरवू नका. केस ब्लीच केले, रासायनिक कलप लावला, पार्लरमध्ये सरळ करून घेतले, तर आत असलेला पदार्थ बराच कमी झालेला असू शकतो.

निपाणीकरांना हे वेगळे सांगायला नको

या चाचणीतला सर्वांत मोठा धोका म्हणजे बाहेरून केसाला लागलेला पदार्थ. निपाणीच्या वाचकांना तो एका वाक्यात कळेल. तंबाखूच्या वखारीत चाळणीवर काम करणारी बाई डोक्याला घट्ट फडके बांधते, नाकावर पदर घेते, तरी संध्याकाळी घरी जाताना तिच्या केसांना, लुगड्याला, डब्याच्या फडक्यालासुद्धा तंबाखूचा वास असतो. तिने जन्मात कधी विडी ओढलेली नसते. तिचे केस निकोटिनसाठी तपासले तर निकोटिन सापडणारच. तंबाखू सतत हाताळल्याने ते कातडीतून रक्तातही जाते, त्यामुळे शरीरात त्यापासून बनणारे कोटिनिनही सापडू शकते. प्रयोगशाळेने ‘निकोटिन आढळले’ असे लिहिले तर ते खरेच असेल, पण त्यावरून कुणी ‘ही बाई विड्या ओढते’ असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

गांजाचेही असेच होते. भावाने खोलीत ओढला, मित्राने गाडीत ओढला, धूर तुमच्या केसांवर बसला. म्हणून चांगली प्रयोगशाळा आधी केस धुते आणि धुतलेले पाणीही तपासते. नुसता मूळ पदार्थ मोजून ती थांबत नाही. तो शरीरात गेल्यावरच तयार होणारा पदार्थही शोधते. गांजाच्या बाबतीत मूळ पदार्थ टीएचसी आणि शरीरात बनणारे त्याचे कार्बोक्सी आम्ल. अहवालात फक्त टीएचसी असेल तर धुराची शक्यता उघडी राहते. आणखी एक गोष्ट: ही चाचणी भांग आणि गांजा यांत फरक करत नाही. महाशिवरात्रीला नेमाने आणि अधूनमधूनही भांग घेणाऱ्याने हे आपल्या वकिलांना आधीच सांगून ठेवावे.

लहान मुलांच्या केसांबाबत तर दुप्पट जपून राहा. मुलांचे केस बारीक असतात आणि बाहेरचे जास्त शोषतात. ओढणाऱ्याने मांडीवर घेतले, डोक्यावरून हात फिरवला, एवढ्यानेही पदार्थ पोचतो. तान्ह्या बाळाचे जावळ तर आईच्या पोटात असतानाच उगवलेले असते, त्यामुळे त्यात सापडलेला पदार्थ गरोदरपणातला की नंतरचा हा वेगळाच वाद उभा राहतो. मुलाच्या केसांत काही सापडले तर ‘घरात कुठेतरी हा पदार्थ आहे’ एवढेच म्हणता येते. ‘कुणीतरी मुलाला पाजला’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

दारूचा हिशेब निराळा

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत गांजापेक्षा दारूच्याच अधिक. दारूसाठी केसांत इथाइल ग्लुकुरोनाइड म्हणजे ईटीजी हा पदार्थ मोजतात. सोसायटी ऑफ हेअर टेस्टिंग ही १९९५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था त्याच्या मर्यादा सुचवते. एका मिलिग्रॅम केसात ३० पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त ईटीजी असेल तर त्या काळात दीर्घकाळ अतिमद्यपान झाल्याचा जोरदार संकेत. ५ पिकोग्रॅमपर्यंत असेल तर ‘मी पीत नाही’ या म्हणण्याला त्यातून बाध येत नाही. मधला आकडा म्हणजे काही ना काही पिणे झाले आहे.

३० ही मर्यादा दिवसाला सरासरी ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलशी जोडलेली आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते, ते वजनाने जवळपास ६० ग्रॅमच भरते. म्हणजे महिनोन्‌महिने रोज एक क्वार्टर. आता विचार करा. शनिवारी रात्री बेभान होऊन दार फोडणारा, बायकोवर हात टाकणारा माणूस आठवड्याचे बाकी सहा दिवस पीत नसेल, तर त्याचा आकडा ३० च्या बराच खाली येऊ शकतो. त्या बाईने अहवालावर भिस्त ठेवली तर अहवालच तिच्या विरोधात जाईल. तिचा खरा पुरावा आहे ११२ वर केलेला फोन, सरकारी दवाखान्यातला जखमांचा कागद, शेजारणीची साक्ष.

ईटीजी पाण्यात विरघळते. ब्लीच, पर्मिंग यांनी ते घटते. दारूचीच दुसऱ्या पदार्थांवरून होणारी एक केसचाचणी आहे, ती अल्कोहोल असलेल्या लोशन-जेलमुळे खोटी चढू शकते. म्हणून दोन्ही चाचण्या एकमेकींना धरून वाचतात.

टोरांटोत काय झाले

कॅनडातले टोरांटो फार दूर आहे, पण हा प्रकार प्रत्येक पालकाने, वकिलाने आणि समुपदेशकाने ऐकायलाच हवा. तिथल्या नावाजलेल्या बालरुग्णालयात ‘मदरिस्क’ नावाची प्रयोगशाळा होती. बालसंरक्षण संस्थांच्या सांगण्यावरून ती आईबापांचे केस तपासायची, आणि तिच्या अहवालांवर मुलांना आईबापांपासून काढून घेतले जायचे. इतक्या मोठ्या रुग्णालयाचा शिक्का असल्यावर कोण शंका घेणार?

डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती सुझन लँग यांचा चौकशी अहवाल आला. २००५ ते २०१५ या काळातली तिथली केसांची चाचणी अपुरी आणि बालसंरक्षणाच्या तसेच फौजदारी प्रकरणांत वापरण्यास अविश्वसनीय होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्राथमिक चाळणीच्या चाचणीचे निकाल पक्के म्हणून दिले जात होते, नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याच्या नोंदी धड नव्हत्या आणि न्यायवैद्यक प्रशिक्षण घेतलेला माणूसच तिथे नव्हता. पुढे न्यायमूर्ती ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली. फेब्रुवारी २०१८ च्या त्यांच्या अहवालानुसार ५६ प्रकरणांत या चाचणीचा निकालावर मोठा परिणाम झाला होता. त्यांतली मुले परत आली ती मोजक्या घरांत. बाकीची दत्तक गेली होती, मोठी झाली होती.

इंग्लंडमध्ये २०१७ साली न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांच्यासमोर एका आईचे प्रकरण आले. केसांचा अहवाल सगळ्या पुराव्याचा एक भाग म्हणूनच पाहायचा, अगदी कमी आकड्यांच्या बाबतीत विशेष जपायचे आणि प्रयोगशाळांनी न्यायालयाला समजेल अशा भाषेत लिहायचे, हे त्या निकालातून पुढे आले. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. तरी तुमच्या वकिलांना तो वाचायला जरूर सांगा.

न्यायालय जबरदस्ती करू शकते का?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. फौजदारी प्रकरणात अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी पोलिसांच्या विनंतीवरून होते. तिच्या व्याख्येत केसांचे नमुनेही आहेत. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१. कौटुंबिक दाव्यात ही तरतूद लागू नाही. तिथे कुणी तुम्हाला धरून केस कापत नाही.

इथे पाया आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालाचा. तो मानसिक आरोग्याच्या तपासणीबद्दल होता, पण वैवाहिक दाव्यात वैद्यकीय तपासणीचा अर्ज आला की दोन्ही बाजू त्याचाच आधार घेतात. त्याचा गाभा असा:

- वैवाहिक दाव्यात न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते.
- त्यासाठी अर्जदाराची बाजू सकृद्दर्शनी भक्कम हवी आणि पुरेसा मजकूर न्यायालयासमोर हवा. नुसता संशय चालत नाही.
- आदेश होऊनही माणसाने नकार दिला तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: समोरच्या पक्षाने किंवा त्याच्या वकिलाने तोंडी मागितले आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ते कबूल केल्यासारखे होत नाही. न्यायालयाचा आदेश झाल्यावर कारण न देता टाळलेत तर मात्र अंगाशी येऊ शकते. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. पुण्याच्या एका दाम्पत्याच्या दाव्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या डीएनए चाचणीचे आदेश सरसकट देऊ नयेत असे बजावले. या दोन्हींचा आधार घेऊन केसांच्या चाचणीलाही विरोध करता येतो: हीच गोष्ट कमी त्रासाच्या मार्गाने कळते का, हे आधी पाहावे असे म्हणता येते.

तुमचे प्रकरण कोणत्या न्यायालयात आहे यावरही बरेच अवलंबून आहे. बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात १९८४ च्या कायद्याचे कलम १४ लागते. वादाच्या निर्णयाला मदत होईल असा कोणताही अहवाल ते न्यायालय पाहू शकते, पुराव्याच्या कायद्यात तो बसो वा न बसो. कलम १२ खाली ते डॉक्टरांची किंवा बालकल्याण क्षेत्रातल्या तज्ज्ञाची मदत घेऊ शकते. दावा दिवाणी न्यायालयात असेल तर ही मोकळीक नाही. तिथे भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ म्हणजे तज्ज्ञाचे मत, आणि शास्त्रीय तपासणीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २६, नियम १०-अ. पण ‘पाहता येतो’ म्हणजे ‘मानलाच पाहिजे’ असे नव्हे. केसांतल्या पदार्थांची कोणती मर्यादा कौटुंबिक दाव्यात धरायची हे भारतातल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही, आणि अहवाल देणाऱ्याची उलटतपासणी मागण्याचा मार्ग तुम्हाला खुला आहे.

तुम्ही अर्ज करणार असाल तर

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. नवऱ्याच्या कंगव्यातले, उशीवरचे किंवा न्हाव्याच्या दुकानातले केस गोळा करून टपालाने कुठल्या कंपनीकडे पाठवू नका. ते केस कुणाचे हेच सिद्ध होत नाही. मुळाची बाजू कोणती ते कळत नाही, म्हणून काळ सांगता येत नाही. गळलेला केस आधीच वाढ थांबलेला असतो. पैसे जातात, आणि समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात अहवाल उडवून लावतो.

त्याऐवजी हे गोळा करा:

- तारीखवार वही. कधी, काय झाले, मूल कुठे होते, कोणी पाहिले. ज्या दिवशी घडले त्याच दिवशी लिहा.
- पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची पोच, दवाखान्याचे कागद, शाळेतल्या गैरहजेरीच्या नोंदी.
- मुलाला भेटायला येताना माणूस प्यालेला असतो असे म्हणणे असेल, तर भेटीआधी श्वासाची चाचणी किंवा देखरेखीखाली भेट मागा. मुलाची सुरक्षितता आज जपायची तर तीन महिन्यांपूर्वीचे केस काय सांगतात याचा उपयोग नाही.
- हा सगळा मजकूर जोडूनही केसांची चाचणी हवीच असेल, तर अर्जात कोणत्या पदार्थासाठी, किती महिन्यांसाठी, कोणत्या प्रयोगशाळेत हे नेमके लिहा.

बेळगावच्या रुग्णालयांत रोज होणाऱ्या तपासण्यांतली ही चाचणी नाही. तिला खास यंत्रे लागतात. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे काम मुख्यतः पोलिसांच्या आणि न्यायालयांच्या नमुन्यांचे, त्यामुळे तुम्ही स्वतः पाकीट घेऊन गेलात तर ते घेणार नाहीत. खासगी प्रयोगशाळा निवडायची तर तिला एनएबीएलचे मानांकन आहे का आणि ते *याच* चाचणीसाठी आहे का, हे लेखी विचारा. रक्तातल्या साखरेच्या तपासणीचे मानांकन इथे कामाचे नाही.

नवरा पूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात होता म्हणून तिथले कागद मागायला जाल, तर ते देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी जोडलेले आजारही येतात आणि कलम २३ ने त्यांची गोपनीयता राखली आहे. हवे असतील तर न्यायालयामार्फत मागवा.

तुमचे केस मागितले असतील तर

वकिलांशी बोलल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. तुमचे घेणे खरे असेल तर त्याला फौजदारी बाजूही आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम २७ खाली सेवन हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अटींवर खटल्यातून सूट आहे. चाचणीला होकार देण्याआधी या दोन्ही गोष्टी तोला.

तुम्ही चालू औषधे घेत असाल, म्हणजे कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, तर चिठ्ठ्या आणि बिले आधीच न्यायालयात द्या. अहवाल आल्यावर दिलीत तर ती सबब वाटते. लघवीची चाचणी असेल तर खसखशीमुळेही मॉर्फीन दिसू शकते, हेही सांगून ठेवा.

टक्कल केले असेल तर कारण नोंदवा. वडिलांच्या दिवसांत केस उतरवले, तिरुपतीला केस दिले, तर पावती, फोटो, तारीख जपून ठेवा. नाहीतर ‘चाचणी टाळायला केस काढले’ असे म्हटले जाते. छातीचे किंवा पायाचे केस घेता येतात, पण त्यांची वाढ वेगळी असल्याने महिन्यांचा हिशेब त्यांवरून होत नाही.

नमुना देताना डोळ्यांसमोर पुढीलप्रमाणे घडले पाहिजे. ओळखपत्र पाहिले जाते. टाळूच्या मागच्या भागातून पेन्सिलीच्या जाडीइतकी बट, मुळाशी दोऱ्याने बांधून, कातडीला लागून कात्रीने कापली जाते. उपटायची नसते. मुळाची बाजू खूण करून बट अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, मग कागदी पाकिटात. पाकीट तुमच्यासमोर सीलबंद होते, त्यावर तारीख, वेळ आणि तुमची सही. केसांची लांबी, रंग, कलप-मेंदी-ब्लीच यांची नोंद अर्जावर होते. दुसरी बट वेगळ्या पाकिटात राखून ठेवायला सांगा. पुढे फेरतपासणी मागायची झाली तर तीच कामी येते. यांतले काही चुकले तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या आणि तिची प्रत ठेवा.

संमतीचा कागद बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो. समजत नसेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि सहीखाली ‘मराठीत समजावून सांगितल्यावर सही केली’ असे लिहा. समजले नाही तर सही करू नका.

अहवाल आल्यावर विचारायचे प्रश्न

पहिल्या पानावरचे ‘पॉझिटिव्ह’ वाचून हातपाय गाळू नका, आणि ‘निगेटिव्ह’ वाचून पेढेही वाटू नका. पूर्ण अहवाल मागा.

- ही प्राथमिक चाळणी आहे की मास स्पेक्ट्रोमेट्रीने केलेली पक्की चाचणी? नुसत्या चाळणीवर काही ठरू नये.
- आकडा दिला आहे का? मर्यादा कोणती धरली आणि कोणाची?
- केस धुतले का? धुतलेल्या पाण्यात काय मिळाले?
- शरीरात बनणारा पदार्थ मिळाला का?
- किती सेंटिमीटर तपासले, एकत्र की तुकडे करून?
- नमुना कुणाकडून कुणाकडे, कोणत्या तारखेला गेला?

यांतल्या दोन-तीन प्रश्नांनाही उत्तर नसेल, तर वकिलांना तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज करायला सांगा.

सीमेच्या दोन बाजूंना

आपल्याकडे माहेर कागलला आणि सासर निपाणीला, हे नेहमीचेच. घटस्फोटाचा अर्ज पत्नी आता जिथे राहते तिथेही करू शकते, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातही. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मात्र मूल जिथे नेहमी राहते तिथे. त्यामुळे कधी कधी दोन राज्यांत दोन दावे उभे राहतात. ते एकत्र आणायचे तर अर्ज सर्वोच्च न्यायालयात. अशा वेळी दोन न्यायालयांत दोन वेगळ्या चाचण्या होऊ देऊ नका. एकीच्या आदेशाची आणि अहवालाची प्रमाणित प्रत दुसरीकडे द्या. बेळगावच्या न्यायालयाने चाचणीचा आदेश दिला आणि तो तुम्हाला अन्यायाचा वाटला, तर तो अंतरिम आदेश असल्याने अपील नव्हे, उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करावी लागते. त्यासाठी दिवस घालवू नका.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक फिरवा. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

आणि ज्यांचे पिणे किंवा घेणे खरे आहे त्यांना एवढेच सांगायचे आहे. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मिळतात, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर विचारपूस करता येते. सहा महिन्यांच्या उपचाराचे कागद घेऊन न्यायालयासमोर उभ्या राहिलेल्या बापाचे किंवा आईचे म्हणणे, आकड्यांवर हुज्जत घालणाऱ्यापेक्षा नक्कीच अधिक ऐकून घेतले जाते.

आज ज्यांच्या घरात हा वाद चालू आहे त्यांनी पुढच्या तारखेपर्यंत केस रंगवू नयेत, बारीक कापू नयेत आणि वकिलांना विचारल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नयेत.